यादीतलं शेवटचं नाव

वसराम नाईक चौथी शिकलेला आणि मी बी.कॉम. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ इथेच आहे. माणूस दुसऱ्यावर जळतो आणि त्या जळण्याला न्याय, शिस्त, लोकशाही अशी भारदस्त नावं देतो. मीही दिली. नऊ वर्षं दिली. आता सरळ सांगतो, मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. त्याच्या घराचा नाही, जमिनीचा तर नाहीच; आमच्यापेक्षा एकरभरच जास्त होती ती. त्याने तोंड उघडलं की साठ माणसं गप्प व्हायची, त्याचा.

आमचं गाव जवळा बाजारपासून पाच मैलांवर. सिद्धेश्वर धरणाचं पाणी मोठ्या कालव्यातून येतं आणि आमच्या शिवारात एका मायनरने उतरतं. मायनर म्हणजे कालव्याला फुटलेला लहान पाट. आमचा चार किलोमीटर लांब, सगळा मातीचा. वर, पाटाच्या तोंडाशी, गावातल्या मोठ्या खटल्यांची शेतं. खाली, जिथे पाट संपतो आणि ज्याला सगळे टेल म्हणतात, तिथे आमच्या बौद्ध वस्तीची आणि तांड्याची. टेलला पाणी फक्त कागदावर पोचायचं. १९९४ साली पाटबंधाऱ्याचे साहेब आले आणि म्हणाले, संस्था काढा, पाणी तुमचं तुम्ही वाटून घ्या. त्रेसष्ट शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था निघाली. मी तेव्हा जवळा बाजारला टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवायचो. अर्ज मी टाइप केले, पोटनियम मी टाइप केले, पहिल्या सभेची नोटीससुद्धा मीच. तेव्हा अध्यक्ष कोण होणार हे माझ्या मनात ठरलेलं होतं. सभेला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

सभा शाळेच्या व्हरांड्यात होती. वरच्या अंगाच्या लोकांना मुंजाजीराव हवे होते. मुंजाजीरावांचं शेत पाटाच्या अगदी तोंडाशी, आणि खालच्या लोकांची खात्री होती की पाट रोज त्यांच्याच शेतात फुटतो. खालच्यांनी आरडाओरडा केला. तासभर भांडण झालं. मी दोनदा घसा खाकरला, उभा राहिलो, बसलो. माझं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "वसराम नाइकाला करा की."

वसराम राठोड, तांड्याचा नाईक म्हणजे प्रमुख. कोपऱ्यात बसून काठीच्या टोकाला तार गुंडाळत होता. त्याने मान वर केली. "मला? आरं, मला सही बी नीट येत न्हाई."

"सही भीमराज शिकवंल," मुंजाजीराव म्हणाले आणि सगळे हसले. मुंजाजीरावांना वाटलं असणार, हा अडाणी माणूस आपल्या मुठीत राहील. अशा रीतीने तो अध्यक्ष झाला आणि मी सेक्रेटरी. इस्त्रीचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

वसराम दिसायला उंच, काळाभोर, डावा खांदा थोडा उतरलेला. बोलणं इतकं हळू की ऐकायला पुढे सरकावं लागे. तीही त्याची युक्ती आहे असं मला कित्येक वर्षं वाटायचं. बायको धुरपताबाई, तिचा आवाज मात्र तांड्याच्या या टोकाचा त्या टोकाला. त्याचं तीन एकर शेत आणि माझ्या वडिलांचं दोन एकर, मध्ये एक बांध. त्या बांधावर बाबा आणि तो रोज संध्याकाळी विडी ओढत बसायचे. माझे बाबा, रामजी, घरी दिवसाला चार वाक्यं बोलणारे. नाइकाजवळ तास तास बोलायचे. मी रविवारी शेतात गेलो की दोघं गप्प होत. हेही माझ्या पोटात दुखण्याचं एक कारण, लपवत नाही.

त्याची कामाची रीत अशी. पाण्याची पाळी सुटायच्या आठ दिवस आधी सभा असे, आणि सभेच्या आधी दोन दिवस तो पाटाच्या काठाने टेलपासून वरपर्यंत चालत जाई. कुणाच्या घरी चहा नाही, कुणाच्या खळ्यात टेकणं नाही. प्रत्येकाला त्याच्याच बांधावर गाठून एकच विचारी, "तुझं किती दिस दम धरंल?" पीक पाण्याविना किती तगेल एवढं ऐकून पुढे. सभेत मात्र शेवटपर्यंत बोलत नसे. ज्याचं सगळ्यात जास्त दुखतंय त्याला आधी बोलू देई. मुंजाजीराव अर्धा तास तावातावाने बोलले तरी हा म्हणे, "बराबर हाय." टेलचा माणूस उठून त्याच्या अगदी उलट बोलला तरी, "ते बी बराबर हाय." सगळे बोलून दमले की मग एक वाक्य. आणि ते वाक्य ठराव म्हणून लिहायला मी.

मी तक्ते करायचो. लाल-निळ्या शाईने रेघा मारून, कुणाला किती तास, किती एकराला किती पाणी, सगळं. तक्ता भिंतीला लावला की लोक त्याच्याकडे पाठ करून नाइकाकडे बघत. एकदा तर माझ्या तक्त्यात कुणीतरी भजी बांधून नेली.

पाण्याच्या पहिल्याच सभेत पहिलाच पेच पडला तो पाणी कुठून सुरू करायचं याचा. सरकारचा नियम टेल आधी, मग वर वर. वरच्यांना ते मान्य नव्हतं. पाणी आमच्या दारावरून खाली जाणार आणि आम्ही बघत बसायचं काय, असं त्यांचं म्हणणं. वसराम शेवटी म्हणाला, "टेलपासून सुरू करू. तसं केलं तर रामजीच्या बरोबर माझं पयलं येतं, तर माझं नाव तिथून काढा. साऱ्यायचं झाल्यावर शेवटी लिवा."

टेलचाच माणूस शेवटी घेतो म्हटल्यावर वरच्यांना बोलायला जागा उरली नाही. त्या दिवसापासून नऊ वर्षं पाणी टेलपासून वर गेलं, भांडण न होता. साहेब लोक दुसऱ्या गावांना आमचं उदाहरण देऊ लागले. लोकांनी त्यावर गोष्टही रचली. म्हणे जुन्या काळी तांडा बैलांवर धान्य लादून मुलुखभर चालायचा तेव्हा पाणवठ्यावर आधी बैल, मग लेकरं, मग बाया, आणि सगळ्यांच्या शेवटी नाईक पाणी प्यायचा. वसरामच्या रक्तातच ते आहे. ही गोष्ट मी वार्षिक अहवालात टाइप केली, कारण साहेबांनी सांगितलं. प्रत्येक अक्षर टाइप करताना माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

मग किल्लीचं प्रकरण. पाटाच्या तोंडाशी लोखंडी दार होतं, ते कुणीतरी रात्रीचं उघडतं अशी ओरड झाली. संशय कुणावर हे लहान लेकरालाही ठाऊक होतं. मी पहाऱ्याची तीन पानी योजना केली, पाळीपाळीने दोन माणसं, हजेरीचा तक्ता, सगळं. वसरामने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दाराला कुलूप लावू. किल्ली मुंजाजीरावांपाशी राहील."

सभेत गलका झाला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं मी उभा राहून म्हणालो. मुंजाजीराव लालबुंद झाले, पण किल्ली त्यांनी घेतली. त्यानंतर दार एकदाही अवेळी उघडलं नाही. उघडलं असतं तर गाव थेट त्यांच्या ओसरीवर गेलं असतं. उलट तेच पाट राखणाऱ्या पाटकऱ्याला घेऊन दाराशी चक्कर मारू लागले. माझी तीन पानं फायलीतच राहिली. तो मला एवढंच म्हणाला, "तुझं बी बराबर होतं, भीमराज." त्यापेक्षा त्याने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

हिंगोलीचा नवा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या वर्षी तिथे संस्थांच्या अध्यक्षांचं शिबिर भरलं. नवी कार्यालयं, खुर्च्यांवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. भिंतीवर फलक, 'नेतृत्व आणि निर्णयप्रक्रिया'. मी नाइकासाठी दोन पानी भाषण टाइप करून नेलं होतं. त्यात माझे तक्तेही घुसवले होते. औरंगाबादहून आलेल्या सरांनी फळ्यावर पाच चौकोन काढले. प्रश्न ओळखा, माहिती गोळा करा, पर्याय मांडा, पर्याय निवडा, अंमलबजावणी करा. मला ते इतकं पटलं की मी ते वहीत उतरवून त्याखाली रेघ मारली. मग सरांनी वसरामला उभं केलं. तुम्ही निर्णय कसा घेता?

माझी दोन पानं त्याने घडी घालून खिशात ठेवली होती. ती काढलीच नाहीत.

"साहेब, मी आधी चालतो," तो म्हणाला. "टेलपासून वरपत्तर. सभेत माणूस लबाड बोलतो. त्याच्या बांधावर त्याला इचारलं तर लबाड बोलता येत न्हाई, पीक मागं उभंच राहतं."

टाळ्या पडल्या. सरांनी हसत हसत फळ्यावर पहिल्या चौकोनाच्या आधी सहावा चौकोन काढला आणि त्यात लिहिलं, चालणे. येताना जीपमध्ये वसरामने माझी पानं परत दिली. "कागद लई चांगला हाय. जपून ठेव." औंढ्याच्या फाट्यावर उतरल्यावर मी ती फाडून टाकली आणि वर म्हणालो, "नाईक, तुम्हाला बोलायला काय जातं?" तो म्हणाला, "व्हय, बोलायला काय जात न्हाई."

त्याच उन्हाळ्यात माझ्या डोक्यात हिशेब शिरला. इन्स्टिट्यूटमध्ये पोरं नव्हती, पंखा बंद होता, आणि मी कागदावर पाट काढत बसलो होतो. पाट चार किलोमीटर लांब. रुंदी दीड मीटर. पाणी अर्धा मीटर खोल. शेवटच्या शेतकऱ्याची पाळी आली की पाटकरी वरचं दार बंद करतो. पण पाट तर भरलेलाच! हे पाणी जाणार कुठे? उतार खाली, म्हणजे टेलला. आणि टेलला त्या वेळी घेणारा एकच, वसराम. मी गुणाकार केला. तीस लाख लिटर! दहा एकर भिजेल एवढं पाणी, ना त्याची वेळ मोजलेली, ना कुठे नोंद. मी लाल शाईने त्याखाली दोन रेघा मारल्या. सापडलं होतं. नाइकाचा त्याग, नाइकाचं रक्त, बैल आधी अन् लेकरं मग, सगळं मला कळून चुकलं होतं. शेवटचं नाव म्हणजे खरं तर पहिलं नाव होतं.

मी बाबांना सांगितलं. ते विडी विझवत म्हणाले, "त्याला काय मिळत न्हाई रे."

"मग रब्बीत त्याचं शेत हिरवं कसं असतं?"

"करडई पेरतो तो. करडईला पाणी लागतंय व्हय?"

"तेच तर म्हणतो," मी म्हणालो. "पाणी घ्यायचं आणि करडई दाखवायची. लोकांनी विचारू नये म्हणून." बाबांनी विझलेली विडी कानामागे ठेवली. मग म्हणाले, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मला वाटलं, हे नाइकाच्या विडीचं बोलणं आहे. पाळीच्या शेवटच्या दिवशी टेलला जाऊन एकदा डोळ्यांनी बघावं, हे काही मला सुचलं नाही. ज्याच्या हातात हिशेब असतो तो कशाला बघायला जातो?

हा हिशेब मी तीन वर्षं कानोकान फिरवला. बाजारच्या दिवशी चहाच्या गाड्यावर, लग्नाच्या पंगतीत, संस्थेच्या दारात. मुंजाजीरावांना तो फार आवडला. २००३च्या निवडणुकीत त्यांनी मला उभं केलं. मी अध्यक्ष झालो की पाणी वरून सुरू होईल असा त्यांचा अंदाज होता, आणि मीही तो खोडून काढला नव्हता. वसराम प्रचाराला फिरलाच नाही. मी सात मतांनी निवडून आलो. त्याने सभेतच संस्थेच्या कपाटाच्या किल्ल्या, शिक्का आणि रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. "चांगलं झालं," म्हणाला. बाबांनी मत कुणाला दिलं हे मी कधी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं.

आणि नशीब बघा, तेच साल कोरडं गेलं. धरणात पाणी नव्हतं. साहेबांनी कळवलं, रब्बीला एकच पाळी मिळेल, नऊ दिवसांची, त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत थेंब नाही. बाबांनी त्या वर्षी दोन्ही एकर गहू पेरला होता. माझी माय कमलबाई हिची जुनी हौस, वर्षाची पोळी घरच्या गव्हाची व्हावी. यादीत टेलचं पहिलं नाव बाबांचं होतं. पहिल्या दिवशी भरल्या पाटाचं पाणी त्यांना मिळणार, हे ते धरून चालले होते.

सभा भरली. मुंजाजीरावांनी सरळ मागणी केली, "यंदा वरून सुरू करा. भीमराज, तुला कशासाठी निवडून आणलं?" खालचे लोक उठून उभे राहिले. सगळी तोंडं माझ्याकडे, आणि मागच्या रांगेत वसराम काठीला तार गुंडाळत बसलेला. काही डोळे तिकडेही वळत होते. ते मला सहन झालं नाही. आणि माझ्याकडे तर हिशेब होता. तीस लाख लिटर.

"टेलपासूनच सुरू होईल," मी म्हणालो. "पण अध्यक्षाचं नाव शेवटी. आमचं नाव सगळ्यांच्या शेवटी लिहा."

व्हरांडा गप्प झाला. मुंजाजीराव टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, "आता अध्यक्षच शेवटी घेऊन राहिला तं आमी काय बोलावं?" आणि बसले. साठ माणसं गप्प! माझ्या शब्दावर! मला आयुष्यात तेवढं गोड काही लागलं नाही. फक्त बाबा उठले, चप्पल पायात घातली आणि सभा सोडून घरी गेले. मी त्यांना विचारलं नव्हतं. सातबारा त्यांच्या नावावर, घाम त्यांचा, आणि पाणी मी देऊन मोकळा झालो होतो. त्या क्षणी मला वाटलं, नवव्या दिवशी पाणी आलं की त्यांना कळेल.

नवव्या दिवशी दुपारी पाटकऱ्याने दार बंद केलं. मी आणि बाबा टेलला बांधावर उभे होतो. गहू ओंबीवर आलेला, पानं कडेने पिवळी पडू लागलेली. मी बाबांना म्हणालो, "आता बघा." त्यांनी खोऱ्याला हात लावला नाही.

तासाभराने पाटात एक जीभ दिसली. काडीकचरा, बाभळीच्या शेंगा आणि मळकं पाणी. ती हळूहळू पुढे आली. मी चारीचं तोंड उघडलं. पाणी आत आलं, पहिल्या सरीत वीसेक पावलं गेलं, दुसरीत पाच. मग थांबलं. भेगांनी ते पिऊन टाकलं, आणि त्या होत्या तशाच तोंड वासून राहिल्या.

मी पाटाच्या काठाने वर धावत सुटलो. आणि तेव्हा, पन्नाशीकडे झुकलेल्या वयात, पहिल्यांदा मी माझा पाट चाललो. दार बंद झालं की पाट कुणाचाच नसतो, हे माझ्या कागदावर नव्हतं. ठिकठिकाणी लोकांनी काठ फोडून उरलंसुरलं पाणी आपल्या शेतात वळवलं होतं. बाया गोधड्या धूत होत्या. म्हशी बसल्या होत्या. काळ्या मातीचा काठ पाणी शोषून फुगला होता. कुणी लपवतही नव्हतं. "अध्यक्ष, या की," एकजण खोरं टेकवून म्हणाला, "नाईक असल्यापासून असंच हाय. त्यानं कधी काय म्हटलं न्हाई." मी तरी काय म्हणणार होतो? तीस लाख लिटर माझे आहेत म्हणून?

परत आलो तेव्हा बाबा घरी गेले होते. बांधावर वसराम बसला होता. मला त्याच्याशी बोलायचं नव्हतं. तरी बसलो. त्याने विडी पुढे केली, मी नाही म्हणालो.

"तीस लाख लिटर व्हय?" तो म्हणाला. म्हणजे माझा हिशेब त्याच्या कानावर गेला होता. गेलाच असणार.

"तुम्हाला माहीत होतं. सभेत का नाही बोललात?"

"काहून बोलू? तू आईकला असता?" त्याने विडी पेटवली. "मी बी असाच फसलो, भीमराज. पयल्या सभेला. मला वाटलं, दार बंद झालं का पाटातलं सारं पाणी आपलंच. साऱ्यायच्या देखत मोठेपणा बी मिळंल अन् शेत बी भिजंल. कागद न्हवता माझ्याकडं, मनातच धरलं. मग ह्याच बांधावर उभा राहिलो अन् अशीच जीभ आली. धुरपता तीन महिने बोलली न्हाई माझ्याशी."

"आणि ते बैल आधी, लेकरं मग, नाईक शेवटी?"

"ते लोकायनी मागून जोडलं." तो हसला. "माझा आजा कधी प्यायचा मला काय ठावं."

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. नऊ वर्षं मी हेच तर सिद्ध करायला धडपडत होतो, की हा माणूस माझ्यासारखाच लबाड आहे. ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

"मग दुसऱ्या वर्षी नाव वर का नाही घेतलंत?"

"घेणार व्हतो. चालत गेलो पाटाच्या कडंनं, तं जो तो म्हणून राहिला, नाईक शेवटी घेतो म्हणून आमी भांडत न्हाई. मुंजाजीराव बी तसंच म्हणले. मग काय करतो? करडई पेरली."

एवढं बोलून तो उठला. आणि मला पुन्हा हेवा वाटला, पहिल्यापेक्षा जास्त. फसलो तर मीही होतो. पण फसल्याचं कळल्यानंतर तो आठ वर्षं शेवटी उभा राहिला होता. ते मला जमेल की नाही, ठाऊक नव्हतं.

गहू करपला. माय रेशनचा गहू निवडत बसायची. बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. गावात मात्र उलटंच झालं. लोक रस्त्यात थांबवून नमस्कार करू लागले. भीमराजनं बापाच्या गव्हावर पाणी सोडलं पण टेल सोडला नाही, असं म्हणू लागले. कुणीतरी हेही म्हणालं की वस्तीतल्या माणसाला तहानेचं मोल ठाऊक असतं, ते त्याच्या रक्तातच आहे. मी ऐकून घ्यायचो. खरं काय ते तीनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातलं एक माझ्याशी बोलत नव्हतं.

पुढच्या वर्षी धरणात थोडं पाणी आलं. सभेची नोटीस निघाली. मुंजाजीराव बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "मागचंच राहू द्या. टेल आधी, अध्यक्ष शेवटी. आमचं काय म्हणणं न्हाई." मला दोन दिवस जेवण गेलं नाही. बाबांचं नाव पुन्हा पहिलं करावं तर वरचे लोक पाणी वरून मागणार. शेवटी ठेवावं तर कोणत्या तोंडाने?

सभेच्या आदल्या दिवशी मी चालत शेतात गेलो. टेललाच सुरुवात करायची म्हणजे पहिला बांध आमचाच. बाबा वाकून खुरपत होते. मी त्यांच्यापुढे उभा राहिलो. वर्षभरात पहिल्यांदा मी त्यांना काही विचारलं, आणि विचारायला शब्दही माझे नव्हते.

"बाबा, आपलं किती दिवस दम धरेल?"

त्यांनी मान वर केली नाही. खुरप्याने शेत दाखवलं. तेव्हा माझं लक्ष गेलं. दोन्ही एकरात ओळीने कोवळी करडई उगवली होती.

"लिही शेवटी," बाबा म्हणाले. "मला ठावं होतं."

बोलायचं होतं ते बोलता आलं नाही, म्हणून मी भलतंच विचारलं. "बी कुठून आणलं?"

"नाइकानं देलं."

माझ्या पोटात पुन्हा तिथेच, त्याच जागी दुखलं. तरी पुढे चालत गेलो, वरपर्यंत, बासष्ट बांध. दुसऱ्या दिवशी सभेत कुणी भांडलं नाही. मी यादी लिहिली. टेलचं पहिलं नाव वसराम राठोड, आणि त्रेसष्टावं रामजी खिल्लारे. लिहून मान वर केली, तर मागच्या रांगेत नाईक आणि बाबा शेजारी शेजारी बसले होते. नाईक हसत होता, पण माझ्याकडे बघून नाही, बाबांकडे बघून.